जखमी संघाची फत्ते

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा तालुक्यात जे साखरखेर्डा गाव आहे, त्याच्या शिवारात १७२४ च्या ऑक्टोबर महिन्यात झालेल्या लढाईने दक्षिणेच्या राजकारणाला पुढील सव्वादोनशे वर्षे पुरेल असे वळण लावले. दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या मुहम्मदशहाने, दरबाराला डोईजड झालेल्या निजामुल्मुल्काचा परस्पर निकाल लागावा या हेतूने, हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यास दख्खनच्या सुभेदारीचे आमिष दाखवून त्याच्यावर घातले, आणि दोन्ही फौजांची गाठ वऱ्हाडच्या या टोकाला पडली. मुबारिझखान लढता लढता कामास आला, त्याचे दोन पुत्रही पडले, आणि त्याच्या फौजेचा मोड झाला. विजयी निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा असे ठेवले, हैदराबाद हस्तगत केले, आणि ज्या बादशहाने त्याच्या नाशाचा घाट घातला होता, त्यालाच पुढल्या वर्षी दख्खनच्या सुभेदारीचे फर्मान व ‘आसफजाह’ हा किताब त्याच्याकडे रवाना करावा लागला. हैदराबादची दौलत उभी राहिली ती या रणांगणावर.

आपल्या जुन्या युद्धांचा एक दुर्धर दोष असा की, हजारोंच्या सैन्याचे प्राण एका हौद्यात साठवलेले असत. १५५६ साली पानिपतावर हेमूच्या डोळ्यात बाण शिरला आणि जिंकत आलेली लढाई घटकेत हातची गेली. १७६१ साली त्याच भूमीवर विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामा हौदा पाहून आपल्या लोकांचा धीर सुटला, ही कथा मराठी माणसाला शाळेत असल्यापासून सलत आलेली आहे. शौर्याची वाण त्या सैन्यांत नव्हती. परंतु एक मोहरा पडला असता त्याच्या जागी कोणी उभे राहावयाचे, आणि ज्याला आपली नेहमीची जागा सोडावी लागणार त्याने ती कोणत्या वृत्तीने सोडावयाची, याची तालीम त्यांना कोणी दिलेली नव्हती. ही तालीम एका संघाला देऊन दाखविणारा मनुष्य पुढे निघाला तो, योगायोग असा की, त्याच हैदराबादेतून, आणि त्याने निवडलेले मैदान होते फुटबॉलचे. रणांगण आणि क्रीडांगण यांचा धर्म एक नाही हे मी जाणतो. तथापि पडलेल्या गड्यापुढे उभ्या असलेल्या माणसाची जी परीक्षा होते ती दोन्हीकडे सारखीच असते, म्हणून हा इतिहास येथून सांगावासा वाटतो.

सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या या गृहस्थांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा जो संघ घडविला, त्याने १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, आणि ज्या पिढीने कूपरेजच्या मैदानावर ते सामने पाहिले, तिने चेंडू पायात घोळवत ठेवण्यापेक्षा तो तत्काळ सहकाऱ्याकडे देण्यात किती सौंदर्य आहे हे प्रथमच अनुभवले. राष्ट्रीय संघाची सूत्रे रहीम यांच्या हाती आल्यावर १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला एका गोलने हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले; १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पन्नाशी ओलांडलेले रहीम १९६२ च्या ऑगस्टमध्ये संघ घेऊन आशियाई स्पर्धेसाठी जाकार्ताला उतरले तेव्हा कर्करोग त्यांचे शरीर आतून पोखरीत होता.

त्या काळचा एक नियम आजच्या वाचकाने ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व प्रसंगाचे मर्म त्यात आहे. आज दुखापत झालेला खेळाडू बाहेर जातो आणि बाकावर बसलेला ताजा गडी त्याच्या जागी येतो. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत ही मुभा प्रथम मिळाली ती १९७० साली. त्या काळी मोठ्या सामन्यात एखादा गडी निकामी झाला की उरलेल्या दहांनी खेळावे, किंवा जखमी माणसाने लंगडत का होईना मैदानात उभे राहावे, एवढेच दोन पर्याय असत. इंग्लंडमध्ये १९५६ सालच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान हा बर्मिंगहॅमच्या आघाडीपटूच्या पायांशी झेपावताना मानेवर आघात होऊन पडला, आणि बदली गोलरक्षक उपलब्ध नसल्यामुळे शेवटची सतरा मिनिटे त्याने तशीच गोल राखून काढली. मानेचे हाड मोडले असल्याचे काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत उघडकीस आले. हा ट्राउटमान महायुद्धात शत्रुपक्षाचा सैनिक होता, युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आला होता, आणि सिटीने त्याला संघात घेतले तेव्हा त्याच्याविरुद्ध शहरात मोर्चे निघाले होते. ज्या लोकांनी त्याचा निषेध केला त्यांनीच त्याला डोक्यावर घेतले. दुखापत माणसाची परीक्षा पाहते तशी प्रेक्षकांचीही पाहते, हे येथे नमूद करून ठेवतो; जाकार्ताच्या हकिगतीत त्याची उलट बाजू दिसणार आहे.

जाकार्ताची ती चौथी आशियाई स्पर्धा आरंभापासूनच राजकारणाने गढूळ झालेली होती. इस्राएल व तैवान यांच्या खेळाडूंना इंडोनेशियाने येऊ दिले नाही. त्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सभासद आणि आशियाई स्पर्धांच्या संस्थापकांपैकी एक असलेले गुरुदत्त सोंधी यांनी, मग या स्पर्धांना ‘आशियाई’ हे नाव लावता येणार नाही, असा आक्षेप घेतला. तत्त्वाच्या दृष्टीने सोंधींचे म्हणणे खरे होते असे माझे मत आहे. परंतु त्या सत्याचे मोल त्यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, त्यांच्या देशाच्या खेळाडूंना द्यावे लागले. यजमान जनतेचा क्षोभ इतका वाढला की ३ सप्टेंबर रोजी, म्हणजे फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, जाकार्तातील भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. भारतीय खेळाडूंच्या बसला लोक अडवीत. पगडीवरून ओळख पटू नये म्हणून जर्नेलसिंग याला बसमध्ये खाली दडून बसावे लागे, असे त्याच्या सोबत्यांनी पुढे सांगितले आहे.

हा जर्नेलसिंग म्हणजे त्या संघाच्या बचावफळीचा बुरूज. मोहन बागानकडून खेळणारा हा पंजाबी जवान आशिया खंडातील सर्वश्रेष्ठ मध्यवर्ती बचावपटूंत गणला जाई, आणि प्रतिपक्षाचा आघाडीपटू त्याच्या अंगावर येण्याआधी दोनदा विचार करी. पहिल्या साखळी सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून दोन गोलांनी हरला होता, त्यामुळे पुढचे दोन्ही सामने जिंकणे प्राप्त होते. दुसऱ्या सामन्यात थायलंडला ४-१ असे हरवताना जर्नेलसिंगच्या कपाळावर असा जबर मार बसला की टाके घालावे लागले. तिसऱ्या सामन्यात जपानवर २-० अशी मात करून संघ उपांत्य फेरीत आला खरा. परंतु गोलरक्षक पीटर थंगराज तापाने अंथरुणाला खिळलेला, त्रिलोकसिंगच्या पायाचे बोट दुखावलेले, आणि जर्नेलच्या डोक्याला पट्टी, अशी संघाची अवस्था होती.

डोक्याला टाके असलेला बचावपटू उंच चेंडू डोक्याने परतवू शकत नाही, आणि जो ते करू शकत नाही त्याच्यावर बचावाची मदार ठेवता येत नाही. हे गणित साधे होते. दुसरा कोणताही शिक्षक त्याला विश्रांती देता, आणि त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता आले नसते. रहीम यांना आठवण झाली ती ही की महाविद्यालयात असताना हा मुलगा आघाडीला खेळत असे. त्यांनी त्याला बचावातून काढून थेट आघाडीच्या मध्यभागी नेऊन उभे केले, बचावाचा मध्य अरुण घोषकडे सोपविला, आणि ज्याच्या नावलौकिकाची सारी इमारत प्रतिपक्षाचे गोल थोपवण्यावर उभी होती, त्याला गोल करण्याचा हुकूम दिला. नामवंत खेळाडूला, आणि तोही जखमी, आपली कमावलेली जागा दुसऱ्याला देऊन परक्या जागी नवशिक्यासारखे उभे राहण्यास सांगितले असता मनात काय येईल हे ज्याने कोणत्याही संस्थेत, कचेरीत वा घरात माणसे पाहिली आहेत त्याला सांगावयास नको. आपल्याकडे एवढ्या कारणावरून मंडळे फुटली आहेत आणि नाटक कंपन्या बंद पडल्या आहेत. जर्नेलसिंगने जागा दिली. अरुण घोषने ती घेतली, आणि ज्याची जागा घेतली त्याच्या तोलाने राखली. या दोन कृतींना मी त्या स्पर्धेतील खरे शौर्य समजतो. पट्टी बांधून खेळणे हे त्यामागून आले.

१ सप्टेंबरच्या उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलसिंगने गोल केला. दोन गोलांची आघाडी प्रतिपक्षाने भरून काढल्यावर कर्णधार चुनी गोस्वामीने आपला दुसरा गोल करून ३-२ असा निर्णय लावला, आणि अंतिम फेरीत पुन्हा दक्षिण कोरियाची गाठ पडली. आदल्या रात्री कोणाला झोप येईना तेव्हा रहीमसाहेबांनी मुलांना बाहेर फिरावयास नेले, आणि उद्या मला सुवर्णपदकाची भेट द्या एवढेच त्यांच्यापाशी मागितले, अशी आठवण त्या संघातील वृद्ध खेळाडू अखेरपर्यंत डोळे पुसत सांगत असत. ज्याने आजवर केवळ देणेच जाणले त्या गुरूने प्रथमच काही मागावे, याचा अर्थ त्या मुलांना कळला होता.

सेनायानच्या क्रीडागारात ४ सप्टेंबर रोजी सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते, आणि भारताचे राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा त्यांनी आरडाओरड करून ते बुडविले. सामना चालू झाल्यावर भारताच्या पायात चेंडू आला की हुर्यो उठे, कोरियाच्या पायात गेला की जयघोष होई. त्या सर्व गर्जनेत भारतासाठी ओरडणारा एक लहानसा गट होता, आणि तो होता पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. त्याच स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताला नमवून सुवर्णपदक घेतलेले ते खेळाडू शेजाऱ्याच्या अपमानाच्या वेळी त्याच्या बाजूने उभे राहिले. फाळणीला त्या वेळी पंधरा वर्षे आणि काही दिवसच झाले होते, आणि दोन्हीकडच्या घरांतील जखमा ओल्या होत्या. लाखाच्या तोंडावर जिवाचा आटापिटा करून ओरडलेला तो पाठिंबा आमचे खेळाडू कधी विसरले नाहीत. दोन्ही देशांच्या वैराचे दप्तर उघडणाऱ्यांनी हा कागदही त्यात लावून ठेवावा.

थंगराज तापातून उठून गोलमध्ये उभा राहिला होता, कारण कोरियाचे उंचावरून येणारे चेंडू झेलण्यास त्याची उंची हवी होती. आधीचे सामने ज्याने राखले त्या प्रद्योत बर्मनला त्यासाठी बाहेर बसावे लागले, आणि त्याचेही नाव या ठिकाणी आदराने घेतले पाहिजे. त्रिलोकसिंग दुखऱ्या पायाने बचावाला होता. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जीने पहिला गोल केला, आणि विसाव्या मिनिटाला टाके घातलेल्या डोक्याच्या जर्नेलसिंगने दुसरा. यानंतरचा तास म्हणजे सहनशीलतेची कसोटी होती. कोरियाने एक गोल फेडला तो थेट पंच्याऐंशीव्या मिनिटाला; उरलेली पाच मिनिटे भारताने काढली, आणि २-१ अशा विजयावर पंचांची शिटी वाजली. ज्या स्टेडियमने राष्ट्रगीत बुडविले होते, त्यातच पदकवितरणाच्या वेळी ते पुन्हा वाजले.

या अकरा जणांत दोघे मुंबईच्या मैदानांवर घडलेले होते, आणि महाराष्ट्राने त्यांची आठवण पुरेशी ठेवलेली नाही, हे मला खेदाने लिहावे लागते. फोर्तुनातो फ्रँको हे जन्माने गोव्याचे. लहानपणी मुंबईस आले आणि टाटा स्पोर्ट्स क्लबकडून नावारूपास चढले. ओ. चंद्रशेखर हे मूळचे केरळातील इरिंजालकुडा गावचे, पण खेळले मुंबईच्या कॅल्टेक्सकडून. महाराष्ट्राने १९६३-६४ च्या मोसमात संतोष चषक जिंकला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. फ्रँको यांची कारकीर्द पुढे गुडघ्याच्या दुखापतीने अकाली आटोपली. ज्या संघाने एका जखमी सोबत्याला नवी जागा देऊन जगज्जेत्यासारखे वागविले, त्यातल्याच एकाला आपल्या दुखापतीनंतर मैदानात जागा उरली नाही. तरीही गोव्यात परतून त्यांनी खेळाशी नाते तोडले नाही, आणि २०२१ च्या मे महिन्यात तेथेच त्यांचे निधन झाले. रहीमसाहेब तर त्या सुवर्णपदकानंतर वर्षभरही जगले नाहीत. ११ जून १९६३ रोजी त्यांनी देह ठेवला.

गोव्याच्या फुटबॉलला दुखापतीचे याहून दारुण रूप पाहावे लागले ते ५ डिसेंबर २००४ रोजी. बंगळूरच्या कंठीरव क्रीडागारात फेडरेशन चषकाचा अंतिम सामना गोव्याचा धेंपो क्लब आणि कोलकात्याचा मोहन बागान यांच्यात चालू होता, आणि धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनिअर याने संघाचा पहिला गोल आधीच केलेला होता. दुसरा गोल करतानाच त्याची प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशी टक्कर झाली. तो कोसळला तो पुन्हा उठला नाही. धेंपोने २-० असा चषक जिंकला, आणि दोन्ही गोल करणारा मनुष्य तो पाहण्यास हयात नव्हता. परमुलखातून पोटासाठी आलेल्या त्या तरुणाच्या स्मरणार्थ धेंपोने त्याचा दहा क्रमांकाचा पोशाख कायमचा बाजूला ठेवला, आणि शोकाचे वर्ष असूनही त्या मोसमात राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळविले. पण मैदानावर तातडीच्या वैद्यकीय उपचारांची जी कमतरता त्या दिवशी उघडी पडली, तिच्याबद्दल देशभर संताप उसळला, आणि तो रास्त होता.

म्हणूनच जाकार्ताची कथा सांगताना एक खबरदारी घेणे मी कर्तव्य समजतो. जर्नेलसिंगचे कौतुक करावे, परंतु त्याचे अनुकरण करू नये. मेंदूला बसलेला मार बाहेरून दिसत नाही हे वैद्यकशास्त्राला आज कळते, तसे १९६२ साली कळत नव्हते. आता फुटबॉलच्या नियमांतच डोक्याला आघात झालेल्या खेळाडूऐवजी वेगळा बदली खेळाडू घेण्याची तरतूद आहे, २०२१ पासून तिचा प्रयोग झाला आणि २०२४ मध्ये ती नियमांत पक्की झाली. २०२१ च्या जूनमध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिक्सन हृदयक्रिया थांबून मैदानावर पडला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याच्याभोवती पाठमोरे कडे केले, की उपचार चालू असताना जगाचे डोळे त्याच्यावर पडू नयेत. आणि प्रतिपक्षाच्या, म्हणजे फिनलंडच्या प्रेक्षकांनी त्याचे पहिले नाव पुकारले की डेन्मार्कचे प्रेक्षक आडनाव पुकारीत. एरिक्सन वाचला, कारण सोबत्यांच्या या शालीनतेला सज्ज वैद्यकीय पथकाची जोड होती. केवळ शालीनता असती तर काय झाले असते याचे उत्तर बंगळूरला मिळालेले होते.

आपल्याकडे शाळाशाळांतून आणि गावोगावच्या मैदानांवर आता मुले फुटबॉल खेळू लागली आहेत. त्यांना शिकवणाऱ्या गुरुजींना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे की त्यांनी रहीमसाहेबांकडून दोन गोष्टी घ्याव्या: प्रत्येक मुलाला एकाहून अधिक जागांवर खेळावयास शिकवावे, आणि जागा सोडणे हा अपमान नाही हे त्याच्या मनावर लहानपणीच ठसवावे. तिसरी गोष्ट रहीमसाहेबांच्या काळाने शिकवलेली नाही, ती आपण आपली शिकली पाहिजे. मुलगा डोक्यावर पडला की खेळ थांबवावा, त्याला उठण्याचा आग्रह करू नये, आणि सामन्याची तारीख ठरवण्यापूर्वी त्या दिवशी मैदानावर डॉक्टर व वाहन हजर राहील याची व्यवस्था करावी.